जुन्या संगणकाला नवे बळ

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तेल-इंजिनाची दुरुस्ती पाहिलेल्या शेतकऱ्यास एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. लायनर व पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर तेवढे भाग बदलले जातात. ब्लॉक भक्कम असेल तर तोच पुढे चालू राहतो. याच परिसरातील कारखाने, सहकारी संस्था, शाळा व वाचनालये यांच्या जुन्या संगणकांबाबत आज असाच विचार करण्याची वेळ आली आहे. विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि चालू स्थितीतील अनेक यंत्रे कालबाह्य ठरली. ती सर्वच मोडीत काढावयाची काय, हा प्रश्न लहान संस्थेच्या अंदाजपत्रकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

सुट्या भागांचे यंत्र

टेबलावरचा संगणक मुळातच सुटे भाग जोडून तयार होतो. मदरबोर्ड या मुख्य फलकावर प्रोसेसर व रॅम बसतात. हार्ड डिस्क माहिती साठविते. एसएमपीएस २३० व्होल्टच्या विजेचे कमी दाबाच्या एकदिश विजेत रूपांतर करते. हे सारे भाग कॅबिनेटमध्ये बसविलेले असतात. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे मापांचे प्रमाण जाहीर केले. स्क्रूची छिद्रे व विजेची जोडणी त्यात ठरवून दिलेली असल्याने एका उत्पादकाचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. नवा भाग घालून यंत्राची शक्ती वाढविण्याची ही रीत महाराष्ट्रास जुनीच आहे. डॉस प्रणालीच्या काळात पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले, की पडद्यावर मराठी अक्षरे उमटत असत.

मंदपणाचे मूळ

प्रथम दुखणे कोठे आहे ते पाहावे. सर्वसाधारण हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तिच्यावरील माहितीचा एक तुकडा शोधण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसल्याने हेच काम त्याहूनही सुमारे शंभरपट लवकर होते. म्हणून पहिला खर्च बहुधा एसएसडीवर करणे हिताचे ठरते.

त्यानंतर रॅमचा विचार करावा. कार्यालयीन कामास ८ जीबी रॅम बहुतेक वेळा पुरते. मात्र डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या प्रकारांच्या खाचा निराळ्या असतात. एकाची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही. विंडोजची ३२ बिटची नेहमीची आवृत्ती असल्यास ४ जीबीपलीकडील रॅमचा उपयोगही होत नाही.

मदरबोर्ड ठेवावा की बदलावा?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि मान्य यादीतील प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत ही यादी बहुतांशी २०१७ मधील आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याहून जुन्या यंत्रास दोन मार्ग उरतात. पत्रव्यवहार, वाचन व शिक्षण एवढेच काम असेल, तर विनामूल्य मिळणारी लिनक्स प्रणाली घालता येते. परंतु हिशेबाची आज्ञावली व प्रिंटर तिच्यावर चालतात की नाही, हे आधी तपासावे. दुसरा मार्ग मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलण्याचा. नव्या मदरबोर्डवर जुना प्रोसेसर सहसा बसत नाही, म्हणून हे तिन्ही भाग एकत्रच घ्यावे लागतात. मॉनिटर, कीबोर्ड व एसएसडी मात्र तीच राहू शकतात.

नवे कॅबिनेट कशासाठी?

नुसते कॅबिनेट बदलल्याने संगणक वेगवान होत नाही. परंतु प्रोसेसर तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणून वारा खेळता असणे आवश्यक ठरते. शिरोली व गोकुळ शिरगाव भागातील फौंड्रींच्या हवेतील लोखंडी धुळीतून वीज वाहू शकते. अशा ठिकाणी पुढून जाळीतून गाळलेली हवा आत घेणारा आणि मागून गरम हवा बाहेर टाकणारा, असे दोन पंखे असलेले कॅबिनेट निवडावे व जाळी नियमाने साफ करावी.

खरेदीपूर्वी मापे घेणे अगत्याचे आहे. नामांकित कंपन्यांच्या लहान आकाराच्या संगणकांतील मदरबोर्ड व एसएमपीएस अनेकदा खास आकाराचे असतात व ते बाजारातील कॅबिनेटमध्ये बसत नाहीत. एसएमपीएस जुनी झाली असल्यास ती बदलावी. वीज तोडल्यावरही तिच्यात भार शिल्लक राहतो, म्हणून ती उघडू नये. अर्थिंग नीट आहे याचीही खात्री करून घ्यावी.

माहितीची काळजी

स्क्रू काढण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत घ्यावी आणि ती अन्यत्र ठेवावी. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले, हे विसरून चालणार नाही. कॅबिनेटही जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावे. जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्व टंकांत असेल, तर ते टंकही जपून ठेवावेत. अन्यथा ठरावांच्या वह्या नव्या यंत्रावर निरर्थक चिन्हांसारख्या दिसतील.

उरलेल्या भागांची विल्हेवाट

२०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्याचीच आहे. भारतात ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. काढलेले भाग भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पोहोचतील, असे पाहावे. हार्ड डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरील माहिती पूर्णपणे पुसावी.

आधी तपासणी, मग मापे आणि शेवटी खरेदी, हा क्रम पाळल्यास बऱ्याच जुन्या यंत्रांकडून आणखी काही वर्षे उत्तम काम घेता येईल. जी खरोखर निकामी झाली असतील, तेवढीच बदलावी लागतील. वाचलेला पैसा शाळेच्या किंवा वाचनालयाच्या अन्य गरजेस उपयोगी पडेल.