एक जागा, चार एजन्सी

आपल्या वस्त्यांतील पदवीधर तरुण-तरुणींशी बोलू लागले की अलीकडे 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द हमखास ऐकू येतो. हिंजवडी, खराडी, ऐरोली, अंधेरी येथील कचेऱ्यांत संगणकावर काम करणाऱ्या अनेकांची नेमणूक त्या कचेरीने केलेलीच नसते. ती मधल्या एजन्सीने केलेली असते. सरकारी कार्यालयेही यातून सुटलेली नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने कंत्राटी मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ एजन्सींचे पॅनेल नेमले होते. राज्यभर विरोध झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो निर्णय रद्द करावा लागला. पद्धत मात्र राहिली आहे, आणि आपल्या मुलांना तिच्यातूनच वाट काढावी लागत आहे.

पूर्वी काम शोधणाऱ्याची वाट सेवायोजन कार्यालयावरून जात असे. १९४५ साली, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून ही कार्यालये सुरू झाली, त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. पुढे ती सर्वांना खुली झाली. तेथे एक कार्ड, एक नोंदणी क्रमांक आणि एक रांग असे. आज एकाच जागेसाठी तीन-चार खाजगी एजन्सी एकमेकींशी स्पर्धा करतात. आपल्या उमेदवाराला वाटते, जितकी दारे तितकी संधी अधिक. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागासाठी हा लेख.

एजन्सी दोन प्रकारच्या

पहिल्या प्रकारची एजन्सी फक्त माणूस शोधून देते. नेमणूक कंपनी करते, पगार कंपनी देते आणि एजन्सीला एकदाच मोबदला मिळतो. दुसऱ्या प्रकारची एजन्सी उमेदवाराला स्वतःच्या पगारपत्रकावर घेते आणि कंपनीकडे कामाला पाठवते. कंपनी तिला दर महिन्याला माणशी ठराविक रक्कम देते. त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी वगैरे भागवून उरते ती तिची कमाई. आम्ही बँकेच्या काउंटरवर हे रोज पाहतो. गळ्यात नामांकित कंपनीचे ओळखपत्र असते आणि पासबुकात पगाराच्या नोंदीपुढे भलतेच नाव असते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, "नेमणूकपत्र कोणाच्या नावाने मिळणार?"

एका जागेसाठी चार फोन का येतात?

कंपनीला माणूस हवा असला की ती आपल्या यादीवरील अनेक एजन्सींना एकाच वेळी कळवते. ज्या एजन्सीचा उमेदवार निवडला जाईल तिलाच पैसे मिळतात, बाकीच्यांची मेहनत फुकट जाते. त्यामुळे प्रत्येकीला घाई असते. काही एजन्सी तर यादीवरही नसतात. त्या यादीवरच्या एजन्सीला माणसे पुरवतात. अशा प्रत्येक मधल्या हाताबरोबर उमेदवाराच्या वाट्याची रक्कम घटते. "आपण थेट कंपनीच्या यादीवर आहात, की दुसऱ्या एजन्सीमार्फत काम करता?" हे विचारण्यात संकोच नसावा.

फोनवर पुष्कळदा कंपनीचे नाव सांगत नाहीत, "नामांकित कंपनी आहे, बायोडाटा लगेच पाठवा" एवढेच म्हणतात. उमेदवार परस्पर कंपनीकडे जाईल, किंवा दुसरी एजन्सी सुगावा काढील, अशी त्यांना धास्ती असते. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. पण नाव न कळता होकार दिला तर आपलेच नाव कोठे कोठे फिरते आहे हे आपल्याला कळत नाही.

दोन दारांतून एक नाव

समजा, चारही एजन्सींना आपण होकार दिला आणि दोघींनी आपला बायोडाटा त्याच कंपनीत त्याच पदासाठी पाठवला. कंपनीच्या संगणकात उमेदवाराचा मोबाइल क्रमांक, ई-मेल, काही ठिकाणी पॅन क्रमांकही नोंदलेला असतो. दुसरी नोंद येताच ती दुबार म्हणून दिसते. पुष्कळ ठिकाणी ज्या एजन्सीची नोंद आधी झाली, तिचाच त्या नावावर काही महिने हक्क मानला जातो. मग दुसरी एजन्सी कितीही चांगला पगार देऊ करो, त्याचा उपयोग होत नाही. काही ठिकाणी 'मोबदला कोणाला द्यायचा' हा वाद नको म्हणून तो उमेदवारच बाजूला ठेवतात. गुण असतात, अनुभव असतो, तरी मुलाखतीचे बोलावणे येत नाही. आणि का येत नाही, हे कोणी सांगतही नाही.

तेव्हा नियम असा ठेवावा: नोंदणी तीन-चार एजन्सींकडे खुशाल करावी, वेगवेगळ्या जागांसाठी वेगवेगळ्या एजन्सीमार्फत जावे, पण एका कंपनीतील एका पदासाठी एकाच एजन्सीला संमती द्यावी. ती तोंडी देऊ नये, ई-मेलने द्यावी. मजकूर साधा असावा: "अमुक कंपनीतील अमुक पदासाठी माझे नाव आपल्यामार्फत पाठविण्यास माझी संमती आहे. ही संमती आजपासून एक महिना राहील. अन्य कोणत्याही जागेसाठी नाव पाठविण्यापूर्वी मला विचारावे." दुसऱ्या एजन्सीचा त्याच जागेसाठी फोन आला तर "या जागेसाठी माझे नाव आधीच गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. त्यात अपमान कोणाचाच नाही. मात्र "आणखी कोठे कोठे मुलाखती दिल्या?" या प्रश्नाला सविस्तर उत्तर देण्याचे कारण नाही. त्या उत्तरातून एजन्सीला रिकाम्या जागांचा पत्ता मिळतो आणि आपल्याला एक स्पर्धक वाढतो.

पगाराचा आकडा कसा वाचावा?

एजन्सी निवडताना मुले मोठा आकडा पाहतात. येथे थोडे गणित करावे. समजा, पहिली एजन्सी म्हणते, "महिना २६,००० सीटीसी." सीटीसी म्हणजे मालकाला पडणारा एकूण खर्च. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद ७२० आणि वर्षअखेरीस मिळणाऱ्या बोनसचे १,२५० धरले असतील, तर दरमहाचा पगार उरतो २२,२३०. त्यातून उमेदवाराचा स्वतःचा निधीचा वाटा १,८०० गेला की हाती येतात २०,४३०. दुसरी एजन्सी म्हणते, "महिना २४,००० पगार, मालकाचा वाटा वेगळा." त्यातून १,८०० गेले की हाती २२,२००. व्यवसाय कर लागू असल्यास तो दोन्हीकडे सारखाच, म्हणून येथे सोडला आहे. ऐकायला दोन हजारांनी लहान असलेला आकडा दरमहा १,७७० रुपये अधिक देतो. बोनस पुढे मिळेल हे खरे, पण घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते. म्हणून हाती किती येणार आणि कपात कशाकशाची होणार, याचा तक्ता लेखी मागावा.

आणखी एक प्रकार दिसतो. उमेदवाराला नोकर न म्हणता 'सल्लागार' म्हणतात. मग निधी नाही, रजा नाही, पगारपत्रक नाही, फक्त कर कापून रक्कम जमा. हाती येणारा पैसा सुरुवातीला जास्त वाटतो, पण कर्जासाठी बँकेत आल्यावर पगारपत्रक मागितले की चेहरा उतरतो.

सही करण्यापूर्वी

भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. एजन्सी बदलली तरी तो बदलत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच त्याचे पासबुक उघडून पैसे खरोखर जमा होतात का ते पाहावे. कपात झाली म्हणजे भरणा झालाच, असे समजू नये. त्याच पासबुकात दोन ठिकाणच्या नोकरीच्या तारखा एकमेकींवर आल्या तर पुढची कंपनी चौकशीत प्रश्न विचारते. म्हणून दोन एजन्सींकडे एकाच वेळी रुजू होण्याचा मोह टाळावा.

कंत्राटदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ते आहे. म्हणून प्रत्यक्ष कोणत्या कंपनीत काम करणार, तिचे नाव आपल्या कागदावर असावे. कंपनीने स्वतः ठराविक मुदतीसाठी थेट नेमणूक केली, तर तो प्रकार निराळा आणि अधिक चांगला. त्यात ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट नाही.

नोकरी लावून देण्यासाठी नोंदणी फी, प्रशिक्षण फी, अनामत असे काही मागितले तर तेथून उठावे. एजन्सीचा मोबदला कंपनी देते. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून देऊ नयेत. जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र तर मुळीच नाही. ती पुन्हा मिळवताना किती हेलपाटे पडतात हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

एक वही

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्याला खर्च एका वहीचा आहे. तारीख, एजन्सी, बोलणाऱ्याचे नाव, कंपनी, पद, हाती येणारा पगार, संमती दिली की नाही, पुढे काय झाले, असे रकाने आखावेत. नवा फोन आला की आधी वही पाहावी, मग उत्तर द्यावे. ज्यांच्या घरात नोकरीची ही पहिलीच पिढी आहे, त्यांना हे सांगणारा काका-मामा कचेरीत बसलेला नसतो. ज्यांना तो असतो, त्यांना या गोष्टी जेवता जेवता कळतात. फरक हुशारीचा नाही, माहितीचा आहे.

हा फरक भरून काढणे आपल्या हाती आहे. संस्थेचे जे सभासद बँकेत, विमा कंपनीत, कारखान्यात, संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा. मुलांनी आपली नेमणूकपत्रे आणि पगाराचे तक्ते आणावेत, आणि सही करण्यापूर्वी ते कोणीतरी जाणत्याने वाचावेत. कंत्राटी नोकरी कमीपणाची नाही. ती वाचून, समजून आणि एकाच दारातून ताठ मानेने जाऊन स्वीकारावी, एवढेच आमचे सांगणे आहे.