‘तुंबाड २’ येतोय. पण पहिल्या ‘तुंबाड’चं बीज पडलं नागझिऱ्याच्या जंगलात!

‘तुंबाड’मधला सोन्याचा लोभी हस्तर कोणत्याच पुराणात सापडत नाही. तो चित्रपटासाठी रचलेला. या भीतीचं बीज मात्र मराठी आहे. १९९३ मध्ये नागपूरच्या पूर्वेकडच्या नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना मित्राने नारायण धारपांची भयकथा सांगितली.

त्यातून घडलेला चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला, पण थिएटरमध्ये फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. लगेच निर्माते-अभिनेते सोहम शाह यांनी दुसरा भाग जाहीर केला. दिग्दर्शक मात्र बर्वे नाहीत.

पहिल्या भागाच्या शेवटी विनायकचा मुलगा ते सोनं नाकारतो. तिथे संपलेली गोष्ट तिच्या कर्त्याशिवाय पुढे न्यायची, हीच दुसऱ्या भागाची खरी परीक्षा.