मायेचें माप

आईची माया मोजतां येते काय, असा प्रश्न ऐकतांच घरांतील वडील मंडळी हंसतील. परंतु मानसशास्त्रज्ञांनीं तसें माप तयार केलें आहे. १९७९ सालीं गॉर्डन पार्कर, हिलरी टपलिंग व एल. बी. ब्राउन ह्या ऑस्ट्रेलियांतील तिघां संशोधकांनीं २५ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मुलीनें आपल्या वयाचीं पहिलीं १६ वर्षें आठवावीं व प्रत्येक विधान आईला कितपत लागू पडतें तें सांगावें. त्यास शून्य ते तीन गुण. १२ विधानें मायेविषयीं, १३ अतिरक्षणाविषयीं. वडिलांसाठीं निराळी प्रत असते.

ह्या योजनेंतील मर्म असें, कीं माया व बंधन हीं दोन निरनिराळ्या पट्ट्यांवर मोजलीं आहेत. बंधन अधिक म्हणून माया कमी, असा सरळ हिशेब येथें नाहीं. भरपूर माया व भरपूर बंधन हीं एकाच आईच्या ठायीं असूं शकतात. माया थोडी आणि बंधन मात्र कडक, ही जोडी तेवढी चिंतेची.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हें माप आईचें नव्हे. लेकीच्या मनांतील आईचें आहे. मुंबईंतील साकीनाक्याचें उदाहरण घेऊं. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली व अंधेरी-कुर्ला रस्त्यावरील हा नाका तिचें एक स्थानक झाला. येथून रोज कामाला जाणाऱ्या दोन मुली कल्पाव्या. दोघींच्याही आया सायंकाळीं फोनवर विचारतात, "निघालीस का गं?" एकीला त्यांत वाट पाहणारी आई दिसते, दुसरीला पहारेकरी. शब्द तेच, गुण मात्र निराळे पडतात.

मग हा आईवर अन्याय नव्हे काय? संशोधक आईचा न्यायनिवाडा करीत नाहींत. मुलीच्या मनावर उमटलेला ठसा तेवढा ते नोंदतात. पुढील आयुष्य ती त्या ठशासहच जगत असते.

परंतु आपल्या एकत्र कुटुंबांत एक पेंच आहे. "सातच्या आंत घरीं ये," हें वाक्य आई बोलते खरी. पण त्यामागें आजोबांचें मत, काकांची नापसंती, शेजाऱ्यांची भीति असते. निर्णय साऱ्या घराचा, उच्चार आईचा! लेक मात्र तो सगळा आईच्याच खात्यावर मांडते. उलट आजीनें किंवा काकूनें दिलेली माया ह्या २५ विधानांत कोठेंच जमा होत नाहीं.

म्हणून सुज्ञ कुटुंबांनीं एवढें करावें: ज्याचा नकार असेल, त्यानेंच तो मुलीला कारणासह सांगावा. आईला घराची निरोपी करूं नये. तिच्या वांट्याला आपल्या लेकीशीं स्वतःचें असें बोलायला कांहीं शब्द उरले पाहिजेत.