जुन्या गाडीने दूरची यात्रा

ऑगस्ट महिना सरू लागला की आपल्या बेळगाव भागातील अनेक कुटुंबांना वेलंकनीचे वेध लागतात. तामिळनाडूत समुद्रकाठी वसलेल्या या क्षेत्री २९ ऑगस्ट रोजी ध्वज चढतो व ८ सप्टेंबर रोजी, मारियामातेच्या जन्मदिनी, महोत्सवाची सांगता होते. तेथील मंदिरास पोप तेविसावे योहान यांनी १९६२ साली बॅसिलिकेचा मान दिला. कोणी आगगाडीने जातात. परंतु वृद्ध आईवडील, लहान मुले, भांडीकुंडी व शिधा असा सारा संसार बरोबर न्यावयाचा असला म्हणजे घरच्या गाडीसारखी सोय नाही.

आमच्या घरी १९९६ सालची मॅटॅडोर होती. ही मूळची जर्मन घडणीची गाडी पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने आपल्या देशात बनविली. आता ती निघत नाही, व कंपनीचे नावही २००५ साली फोर्स मोटर्स असे झाले. आमच्या गाडीने कधी दगा दिला नव्हता. शेताचा माल, लग्नाचे वऱ्हाड, आजारी माणूस, सारे तिनेच वाहिले. त्यामुळे तिचा आम्हांस गर्वच होता म्हणा ना!

२०१८ साली आम्ही नऊजण तिच्यातून निघालो. हुबळी, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर. पुढे कृष्णगिरी, सेलम, तिरुचिरापल्ली व तंजावर असा नऊशे किलोमीटरांहून अधिक पल्ला होता. दुसऱ्या दिवशी धर्मपुरी मागे टाकून आम्ही तोप्पूरचा घाट उतरू लागलो. रस्ता रुंद व मोकळा, म्हणूनच तो उतार फसवा. ब्रेक न लागल्याने तेथे अवजड वाहनांचे अनेक भीषण अपघात झाले आहेत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. धाकटा भाऊ गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवून ब्रेकवर पाय दाबून धरीत होता. थोड्याच वेळात जळका वास आला, आणि ब्रेकचा पाय खोल जाऊ लागला. पुढे मालाने भरलेला ट्रक होता. आईने जपमाळ हाती घेतली. वडिलांची हयात ट्रक चालविण्यात गेलेली. ते शांतपणे म्हणाले, "घाबरू नकोस बाळ. आधी तिसऱ्यावर घे, मग दुसऱ्यावर." इंजिन मोठ्याने गुरगुरले, वेग मोडला आणि गाडी हळूहळू कडेला उभी राहिली. तासभर कोणी फारसे बोलले नाही.

दोष गाडीचा नव्हता. सतत दाबलेले ब्रेक तापतात. त्या उष्णतेने ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण बुडबुडे दबतात. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. शिवाय हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुने झाले की लवकर उकळते. आमचे तेल कित्येक वर्षांत बदललेलेच नव्हते! ज्या गाडीवर आमचा एवढा भरवसा, तिची एवढीही विचारपूस आम्ही केली नव्हती.

म्हणून जुन्या गाडीने दूर जाणाऱ्या कुटुंबांस काही सांगणे आहे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. निघण्यापूर्वी ब्रेक लायनर, रेडिएटरचे पाईप, फॅन बेल्ट व टायर मेकॅनिककडून तपासून घ्यावेत; स्टेपनीतही हवा असावी. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. चालकास दर दोन तासांनी विसावा द्यावा व रात्री मुक्काम करावा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. ते कागद जवळ असावेत. आणि जागा शिल्लक आहे म्हणून भाडे घेऊन उतारू बसवू नयेत; खासगी गाडीस कायद्याने ती मुभा नाही.

सेलमला ब्रेक दुरुस्त करून, नवे तेल घालून आम्ही तिसऱ्या दिवशी वेलंकनीस सुखरूप पोहोचलो. मंदिराच्या पायरीवर आई म्हणाली, "माझी प्रार्थना मातेने ऐकली." वडील हसून म्हणाले, "ऐकली खरी. पण पुढच्या वर्षी तेल बदलूनच तिच्याकडे येऊ या."