समुद्रातली हरळी

मृगाचा पाऊस पडला की आपल्या चाकूरचा माळ हिरवागार होतो. पण त्याच दिवसांत तिकडे मालवणच्या समुद्रातली 'झाडी' उजाड होते, बरं का! तिथल्या खडकांवर सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाढतं. लहान मासे त्यात लपतात. पावसाळी वाऱ्यानं खवळलेल्या लाटा हे शेवाळ ओरबाडून किनाऱ्यावर फेकतात. गढूळ पाण्यामुळे ऊनही कमी मिळतं.

मग ते संपलं का? छे! खडकाला चिकटलेला बुडखा शिल्लक राहतो. उन्हाळ्यात वाळलेली हरळी पावसात पुन्हा फुटते ना? तसेच पावसाळा सरला की या बुडख्याला नवे धुमारे फुटतात.

मालवणला गेलात तर शेवाळ जरूर बघा, पण बुडखा उपटू नका. वादळातून वाचलेलं आपल्या हातून जायला नको!