गाळ्यातलं उघडं व्हॉट्सॲप

भिवंडीजवळ मानकोलीच्या एका गाळ्यात बिलिंगच्या टेबलापाशी दुपारभर बसलो होतो. संगणक एकच, आणि त्यावर व्हॉट्सॲप वेब सकाळपासून चालू. ड्रायव्हर आरसी, लायसन्स, आधारचा फोटो टाकतो. पार्टीकडून ऑर्डरची पीडीएफ येते. बिलिंगचा मुलगा त्यावरून ई-वे बिल काढतो, गाडीनंबर चढवतो, की डॉकवरची गाडी सुटते. माल उतरला की सहीशिक्क्याच्या चलानाचा फोटो त्याच ग्रुपवर. मेल बघायला कुणाला सवड नाही.

बिलिंगच्या मुलाला डाउनलोडचं फोल्डर उघडायला सांगितलं. कुणाकुणाची आधार कार्डं, रद्द केलेले चेक, आरसी बुकं, सगळं महिनोन्‌महिने साचलेलं. पाळी बदलली की दुसरा येऊन त्याच खुर्चीत बसतो, पासवर्ड विचारला जात नाही.

व्हॉट्सॲपचे संदेश 2016 पासून एन्क्रिप्ट होतात, म्हणून सगळे निर्धास्त. पण ते कुलूप फक्त वाटेवरचं. संदेश पडद्यावर आला की समोर बसलेला कुणीही तो वाचू शकतो.

फाइलचं भय त्याहून मोठं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट सहसा लपवतं. ‘ईवेबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ नुसती पीडीएफ दिसते. एप्रिल 2025 मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सॲप ॲपमधलाच एक दोष जाहीर झाला: फोटो म्हणून दिसणारी फाइल उघडायला गेलं की प्रोग्राम म्हणून चालू शकत होती. नव्या आवृत्तीत तो दुरुस्त झालाय, पण गाळ्यातला संगणक अपडेट करणं हे कुणाचंच काम नसतं. आणि टॅली त्याच संगणकावर, सीसीटीव्ही त्याच राउटरवर.

एक मशीन बाधलं तर काय होतं, ते न्हावाशेवा बंदरानं पाहिलंय. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो व्हायरस चॅटमधून आला नव्हता, युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला होता. पण एकदा आत शिरल्यावर नेटवर्कवरून एका संगणकातून दुसऱ्यात पसरत गेला.

गाळ्यातल्या सुपरवायझरनं कंपनीच्या फोनवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी उघडली. त्यातला एक लॅपटॉप कुणाचा, ते कुणालाच सांगता येईना. त्यानं तो तिथल्या तिथे लॉगआउट केला. असा लॅपटॉप ज्याच्या हाती, तो कंपनीच्या खऱ्या नंबरवरून, जुन्याच चॅटमध्ये लिहू शकतो: ‘खातं बदललंय, भाडं इथे टाका.’ पार्टीच्या अकाउंटंटला शंका यावी तरी कशी? म्हणून खातं बदलल्याचा निरोप आला की ज्याचा आवाज ओळखीचा आहे अशा माणसाला फोन केल्याशिवाय रुपयाही सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

गाळामालकांनो, आज शटर ओढण्याआधी ती यादी बघा आणि अनोळखी उपकरण काढून टाका. काम सोडून गेलेल्यांना ग्रुपमधून काढा, पाळीगणिक वेगळं लॉगिन द्या. पैसे गेलेच, तर चौकशीत दिवस न घालवता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येऊ शकते.