कडक डोहाळे: गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तीव्र उलट्या आणि आहार

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, वैद्यकशास्त्र नाही. तरीही हा पाठ लिहावासा वाटला, कारण काही वर्षांपूर्वी माझ्याकडून एक चूक झाली. अंतिम वर्षातली एक विवाहित विद्यार्थिनी सलग दोन आठवडे प्रयोगशाळेत आली नाही. नंतर आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, दिवस गेलेत, काहीच पोटात राहत नाही." मी तिला म्हटले, "अगं, सगळ्यांनाच होतं, जरा मन घट्ट कर आणि जर्नल पूर्ण कर." चार दिवसांनी तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. ती बरी झाली, पण माझे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्यानंतर या विषयावर जे वाचले आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडून समजून घेतले, ते इथे मांडत आहे.

तुमच्यापैकी अनेकांना हा विषय आपला नाही असे वाटेल. पण बहीण, वहिनी, वर्गमैत्रीण किंवा शेजारीण यांच्यापैकी कोणाला तरी याची गरज पडतेच. अशा वेळी घरातला जो शिकलेला माणूस "हे नेहमीचे नाही, दवाखान्यात चला" असे म्हणू शकतो, त्याचा मोठा उपयोग होतो.

या पाठातून काय शिकाल
- नेहमीची मळमळ आणि आजार यांतील फरक
- मळमळ का होते
- शरीरातील पाणी आणि क्षार यांचा हिशोब
- काय खावे, कसे खावे
- दवाखान्यात केव्हा जावे आणि तिथे काय विचारावे

२. नेहमीचे आणि कडक

मराठीत 'डोहाळे' या शब्दाला आनंदाची छटा आहे. पण आपल्या आजी-पणजींनी 'कडक डोहाळे' असा वेगळा शब्दप्रयोगही ठेवला आहे. म्हणजे काही जणींचा त्रास वेगळ्या पातळीवरचा असतो, हे समाजाला ठाऊक होते.

गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, साधारण दहातील सात जणींना मळमळ किंवा उलट्या होतात. सुरुवात बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास त्रास टोकाला जातो आणि सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत बहुतेकींचा ओसरतो. इंग्रजीतल्या नावात 'सकाळ' असली तरी त्रास दिवसभरात कधीही होतो.

याचे तीव्र रूप म्हणजे हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारम. शंभरातील सुमारे एक ते तीन जणींना हा आजार होतो. त्याच्या ठळक खुणा तीन: सतत उलट्या, शरीरातील पाणी कमी होणे आणि गरोदरपणापूर्वीच्या वजनात ५ टक्क्यांहून अधिक घट.

*उदाहरण.* आधीचे वजन ५२ किलो, आता ४९ किलो. घट ३ किलो. ३ ÷ ५२ × १०० = ५.८ टक्के. म्हणजे मर्यादा ओलांडली. 'फक्त तीनच किलो' असे वाटणारा हा आकडा डॉक्टरांसाठी महत्त्वाचा असतो. म्हणून दिवस गेल्याचे कळताच वजन करून लिहून ठेवावे.

तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर एक सोपी गुणपद्धतीही वापरतात. प्रश्न तीनच: दिवसात किती तास मळमळले, किती वेळा उलटी झाली, किती वेळा नुसतेच उमासे आले. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. बेरीज ६ पर्यंत सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ ते १५ तीव्र. 'खूप त्रास होतो' या वाक्यापेक्षा अशी नोंद दाखवली तर डॉक्टरांना निर्णय घेणे सोपे जाते.

३. कारण काय?

बाई 'नाजूक' आहे, तिला मूल नकोच आहे, सासरी काम टाळायचे आहे, अशी कारणे लोक आजही सांगतात. एकेकाळी वैद्यकातही हा मनाचा आजार मानला जाई. ही समजूत चुकीची आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मार्लेना फेझो, स्टीफन ओ'राहिली आणि सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. फेझो यांना स्वतःला १९९९ मध्ये हा आजार झाला होता आणि त्यात त्यांनी बाळ गमावले होते. या संशोधनातून पुढे आलेली साखळी अशी: गर्भ आणि वार जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक तयार करतात. ते रक्तातून मेंदूच्या मागच्या भागातील विशिष्ट ग्राहकावर जाऊन बसते आणि मळमळ सुरू होते. गरोदरपणापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात हे संप्रेरक कमी असते, तिला त्याची सवय नसते, म्हणून अचानक वाढ झाल्यावर तिला जास्त त्रास होतो. उलट बीटा थॅलेसेमिया असलेल्या स्त्रियांमध्ये ते आधीपासूनच जास्त असते, आणि त्यांना मळमळ कमी होते.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही संवेदकाची बाब आहे. तोच संकेत, पण संवेदक किती संवेदनशील आहे त्यावर प्रतिसाद ठरतो. यात मनाच्या निर्धाराचा संबंध नाही.

४. शरीराचा हिशोब

रसायन अभियांत्रिकीत आपण वस्तुमान संतुलन शिकतो: आत आलेले वजा बाहेर गेलेले म्हणजे साठलेले. इथेही तेच लागू होते.

(अ) *पाणी आणि क्षार.* उलटीतून पाण्याबरोबर आम्ल, क्लोराइड आणि पोटॅशियमही कमी होत जाते. पोटॅशियम फार उतरले तर स्नायू अशक्त होतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

(आ) *इंधन.* यकृतातील साखरेचा साठा उपाशीपोटी साधारण एका दिवसात संपतो. मग शरीर चरबी जाळू लागते आणि कीटोन तयार होतात.

(इ) *थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१.* हा भाग सर्वांत कमी सांगितला जातो. याचा साठा फार तर दोन-तीन आठवडे पुरतो. पॉलिश केलेल्या तांदळावर भर असलेल्या आहारात तो मुळातच कमी असतो. तो संपला की मेंदूला इजा होऊ शकते. लक्षणे: एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे वागणे. याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात आणि वेळेवर थायमिन दिले तर तो टाळता येतो.

आता लक्षात घ्या. आपल्याकडे उलट्या झाल्या की जवळच्या दवाखान्यात 'ग्लुकोज लावतात'. पण ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागते. थायमिन संपत आलेल्या रुग्णाला नुसते ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिनही खर्च होते. म्हणून अनेक दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यावे आणि सलाइनमधून पोटॅशियमची भरपाई करावी, ही योग्य रीत आहे. "डॉक्टर, बी-१ दिले आहे का?" हा प्रश्न नम्रपणे जरूर विचारा.

५. काय आणि कसे खावे

पहिली गोष्ट म्हणजे 'दोघांसाठी खा' हा आग्रह सोडा. बाराव्या आठवड्यात गर्भाचे वजन जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास असते. पहिल्या तीन महिन्यांत जादा अन्नाची गरज जवळजवळ नसते. या काळात समतोल ताटापेक्षा 'जे पोटात राहील ते' हेच उद्दिष्ट ठेवावे.

*थोडे आणि वारंवार.* दर दीड-दोन तासांनी दोन-चार घास. पोट पूर्ण रिकामे झाले तरी मळमळते आणि गच्च भरले तरीही. उशाशी कुरमुरे, साळीच्या लाह्या, खाकरा किंवा टोस्ट ठेवून अंथरुणातून उठण्यापूर्वी थोडे खावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी उठावे.

*वास टाळा.* फोडणी, तळण, लसूण, उकळता चहा यांच्या वासाने अनेकींना उमळून येते. गार किंवा कोमट अन्नाला वास कमी येतो. म्हणून दहीभात, गार इडली, फळांच्या फोडी चालून जातात. शक्य असेल तर या काळात स्वयंपाक दुसऱ्या कोणी करावा. हा लाड नाही, उपचाराचाच भाग आहे.

*प्रांताप्रमाणे पर्याय.* भाताची पेज, नाचणीची आंबील, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, बिहारकडचे सत्तू, बंगाल-ओडिशातली मुढी, केरळची कंजी. जे ओळखीचे आणि आवडते असेल ते घ्यावे. आमसूल, लिंबू, आवळा यांच्या आंबट चवीने काहींना बरे वाटते. आल्याचा सौम्य त्रासात थोडा उपयोग होतो, पण तीव्र आजारात केवळ आल्यावर विसंबू नये.

*पाणी घोटाघोटाने.* इथे एक छोटे गणित करू. चहाचा एक चमचा म्हणजे सुमारे ५ मिली. दर ५ मिनिटांनी २ चमचे घेतले तर तासाला १२० मिली आणि १२ तासांत १४४० मिली, म्हणजे जवळपास दीड लिटर. एकदम प्यालेला पेलाभर पाणी उलटून पडले तर जमा बाजू शून्य. नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस चांगले, कारण आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नारळपाणी, ताक, सरबत यांचे बर्फाचे खडे चोखणेही काहींना जमते.

*गोळ्या.* फॉलिक ॲसिड सुरू ठेवावे. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ वाढते. सरकारी कार्यक्रमातही रोजची लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून असते. आधीच सुरू असेल आणि त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून ती पुढे ढकलता येते.

*दात.* उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेला थर झिजतो. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी.

६. औषधांची भीती

'गरोदरपणात औषध नको' या भीतीमागे खरा इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड मळमळीवरही दिले गेले. त्यामुळे हजारो बालके अपंग जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घेतले गेले. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी महिलेने पुराव्याअभावी त्याला मंजुरी नाकारल्याने तो देश मोठ्या प्रमाणावर वाचला.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-६, यांची जोडगोळी खटल्यांच्या भीतीने १९८३ मध्ये अमेरिकी बाजारातून काढली गेली. पुढे अनेक अभ्यासांत ती सुरक्षित ठरली आणि २०१३ मध्ये तिला पुन्हा मंजुरी मिळाली. भारतातही ती उपलब्ध आहे आणि बहुधा पहिले औषध म्हणून दिली जाते. तिने झोप येते, एवढे लक्षात ठेवावे. तिने भागले नाही तर इतर औषधे आहेत. निवड डॉक्टरांची. दुकानातून परस्पर काही घेऊ नये, आणि डॉक्टरांनी दिलेले भीतीपोटी टाकूनही देऊ नये. उपचार न केलेल्या तीव्र आजाराचाही बाळाच्या वजनावर परिणाम होऊ शकतो.

७. लगेच दवाखाना केव्हा?

- २४ तास अन्न-पाणी काहीच टिकत नाही
- आठ तास लघवी नाही किंवा ती गडद आहे
- उभे राहिल्यावर चक्कर, छातीत धडधड
- वजनात ५ टक्क्यांहून अधिक घट
- उलटीत रक्त, ताप, पोटदुखी, लघवीला जळजळ
- डोळे पिवळे दिसणे. ही कावीळ असू शकते आणि गरोदरपणात ती घातक ठरू शकते
- दुहेरी दिसणे, तोल जाणे, गोंधळ
- नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या उलट्या. अशा वेळी दुसरे कारण शोधावे लागते
- जगणे नकोसे वाटणे. हेही लक्षणच आहे, लपवू नये

तिथे रक्त-लघवीच्या तपासण्या होतात, आणि जुळे किंवा द्राक्षगर्भ आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी. सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर स्त्रीला औषधे आणि तपासण्या मोफत आहेत. गावात आशाताईंना सांगावे.

८. विद्यार्थिनींसाठी

डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांना पत्र पाठवून विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा आणि उपस्थितीतील सवलतीचे नियम करण्यास सांगितले. हे पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही लागू आहे. महाविद्यालयाला अर्ज करताना वैद्यकीय प्रमाणपत्रात आजाराचे पूर्ण नाव लिहून घ्या. 'अशक्तपणा' या शब्दाने काम अडते.

९. सारांश

मळमळ सामान्य आहे, सतत घसरणारे वजन सामान्य नाही. कारण शरीरात आहे, स्वभावात नाही. घोटाघोटाने प्या, जे टिकेल ते खा, वजन आणि लघवी यांवर लक्ष ठेवा, ग्लुकोजआधी थायमिन विचारा. आणि कोणी "काहीच पोटात राहत नाही" असे म्हणाली, तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. "शेवटचे पाणी केव्हा टिकले?" एवढे विचारा.

स्वाध्याय
१. आधीचे वजन ४६ किलो, आता ४४ किलो. घट किती टक्के? ती मर्यादेच्या आत आहे का?
२. दर १० मिनिटांनी १५ मिली ओआरएस घेतल्यास १० तासांत किती पाणी पोटात जाईल? ते वरील उदाहरणापेक्षा किती कमी आहे?
३. नुसते ग्लुकोज केव्हा धोक्याचे ठरते ते तुमच्या शब्दांत, घरातल्या मोठ्यांना समजेल असे लिहा.